वनस्पती तेल आणि डिझेल एंजिन

डिझेल एंजिन हे मुळात केवळ खनिज तेलासाठीच जन्मलेले यंत्र आहे, हा समज बरोबर नाही. इ. स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, आणि ते इतके सुरळीत चालले की ही गोष्ट फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानी आली.

मग घाण्याचे तेल तसेच टाकीत ओतले तर काय बिघडले? बिघडते ते त्याच्या दाटपणामुळे. हे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट. नॉझलमधून त्याचे बारीक तुषार होत नाहीत. जाड थेंब अर्धवट जळतात, काजळीचा थर धरतो आणि न जळलेले तेल खाली उतरून वंगणाचा लगदा करते. एंजिन चार दिवस उत्तम चालते, म्हणूनच पंपवाला शेतकरी फसतो.

यावर उपाय रसायनशास्त्राचा. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. १०० किलो तेलात सुमारे ११ किलो मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून ६० अंशांच्या आसपास ढवळले, की साखळ्या कणा सोडून मिथेनॉलला जडतात. ग्लिसरीन तळाशी बसते. वर उरते ते जैवडिझेल. (संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेलही आणि प्रीतीही, येथे एक स्नेह तोडून दुसरा जोडावा लागतो!) मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये, हे सांगावयास नको.

डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेले जैवडिझेल साध्या एंजिनात काहीही फेरफार न करता चालते. शुद्ध वापरल्यास मात्र जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो, नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगतात, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत पामतेलाचे जैवडिझेल गोठू लागते.

आपल्याकडे २००३ पासून मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरघोस बी मिळेल ही आशा फोल ठरली. २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. पण खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशाने ताटातले तेल टाकीत घालणे मला पटत नाही. तळणीचे वापरलेले तेल हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. मात्र ते आधी गाळून, त्यातील पाणी काढून, आम्लता मोजून घ्यावी लागते. नाहीतर सोडा घालताच इंधनाऐवजी साबण हाती येतो.