रिकामी फळी

पहाटे ५.३०
रात्रभर पाऊस. पेणला श्रावणात याची बातमी होत नाही, पण कारखान्यात होते. शटर अर्धं वर करून आधी मूर्तींच्या पाठीला पालथा हात लावत जाते. शाडू फसवा. वरून पांढुरका दिसतो, पाठीला मात्र गार लागतो, म्हणजे आत ओल आहे. आज सतरा गार.

८.००
काका मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीला बसले. शून्य नंबरचा ब्रश, रोखलेला श्वास. "ताई, हा बाप्पा कुणावर तरी चिडलाय." मला काही दिसेना. आरसा आणला. उलट्या प्रतिमेत डावी भुवई चढलेली लगेच दिसली. लिओनार्दो दा विंचीनेही चित्रकारांना काम आरशात पाहायला सांगितलंय, असं म्हटलं तर काका म्हणाले, "त्याच्याही भुवया चुकत असतील."

१०.३०
मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन. एक फुटी साठ मूर्ती, बारा दिवसांत, आगाऊ रक्कम आजच. गुजरातच्या मातीच्या गोणी पडून आहेत, माणसं आहेत, भाव चांगला. कॅल्क्युलेटर 'हो' म्हणतो. गेल्या वर्षीही म्हणाला होता. मग पंखे लावून घाईने सुकवल्या, नऊ सोंडांना तडे गेले. "संध्याकाळी सांगते."

१.००
डबा. भेंडी.

२.३०
चित्रकलेच्या वर्गात सर खुर्ची काढायला लावायचे नाहीत, खुर्चीच्या दांड्यांमधली पोकळी काढायला लावायचे. पोकळी नीट उतरली की खुर्ची आपोआप उभी राहायची. बिलबुकाच्या पाठीवर सुकणाऱ्या मूर्तींची मांडणी तशीच काढली. मूर्ती नाहीत, फक्त मधल्या फटी. पश्चिमेची भिंत पाझरते, ती काळी केली. जिन्याखाली वारा फिरत नाही, तेही काळं. उरलेल्या पांढऱ्या जागा मोजल्या, चोवीस. सकाळच्या हिशेबात मूर्तीची जागा धरली होती, तिच्याभोवती फिरणाऱ्या वाऱ्याची नव्हती.

५.००
"चोवीस देईन." व्यापारी वैतागला. "बाकीच्या प्लास्टरच्या द्या." प्लास्टर अर्ध्या तासात घट्ट होतं, पाऊस असो वा नसो. मोह होतोच, खोटं कशाला बोलू? पण ते बाबांनीच बंद केलं. "उद्या कळवतो," म्हणाला. कळवेलच असं नाही.

८.१५
काकांनी भुवई पुसून नव्याने काढली होती. मी आरसा उचलायला गेले तर त्यांनी हात धरला. "आत्ता नको. डोळे दमलेत दोघांचे. सकाळी बघू."
मूर्तीवर वर्तमानपत्र टाकून शटर ओढलं.