महारोहिणीच्या भिंतीतील रक्तस्राव आणि व्रण

उधन्यापासून सचिनपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे राहतात. अशा घरातील कर्त्या पुरुषाच्या छातीत एकाएकी कळ आली, तर सर्वांना प्रथम हृदयविकाराचा झटका आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु क्वचित ती कळ हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची, म्हणजे महाधमनीची असते. दोन्ही दुखणी वरून सारखी दिसली, तरी एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते.

महारोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. भिंतीचे पोषण करणारी एखादी बारीक वाहिनी फुटली, तर रक्त मधल्या थरात साकळते. हा भिंतीतील रक्तस्राव होय. दुसऱ्या प्रकारात आतून साचलेल्या मेदाच्या किटणावर व्रण पडतो आणि तो मधला थर पोखरतो. या दोहोंचा जवळचा आप्त म्हणजे भिंतीची फाटाफूट. तीत आतला थर चिरतो व रक्त भिंतीतच नवी वाट काढते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली वारला, तेव्हा शवचिकित्सेत महारोहिणीचा असाच विकार आढळला होता. व्रण आणि रक्तस्राव यांतूनही पुढे फाटाफूट होऊ शकते.

या विकारांचे मूळ बहुतेकदा दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबात असते. उतारवय व धूम्रपान त्यात भर घालतात. वेदना एकाएकी व तीव्र असते आणि पुष्कळदा पाठीत जाते. हृदयाचा विद्युत आलेख अगदी निर्दोष येऊ शकतो. छातीचे साधे क्ष-किरण चित्रही फसवू शकते. अशा वेळी हृदयविकार समजून गुठळी विरघळविणारे औषध दिले, तर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले आणि पूर्वी शवचिकित्सेतच उमगणारी गोष्ट जिवंतपणी दिसू लागली. प्रथम साधे चित्र घेतात. त्यात ताजे साकळलेले रक्त भिंतीत चंद्रकोरीसारखे पांढुरके दिसते. मग शिरेतून रंगद्रव्य देऊन दुसरे चित्र घेतात. रक्तस्रावाच्या कोरीत रंग वाहताना दिसत नाही. व्रण मात्र भिंतीत शिरलेल्या लहानशा खळग्यासारखा रंगाने भरतो.

परिणाम काय होईल, हे मुख्यतः जागेवर अवलंबून असते. हृदयाजवळच्या चढत्या भागात विकार असेल, तर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. पाठीकडे उतरणाऱ्या भागात प्रथम औषधांनी वरचा रक्तदाब १०० ते १२० व नाडी ६० च्या आत ठेवतात आणि काही दिवसांत पुन्हा चित्र घेतात. कित्येकांचे साकळलेले रक्त काही महिन्यांत शोषले जाते. काहींची भिंत मात्र फुगते, फाटते किंवा फुटते. कळ थांबत नसेल, व्रण खोल होत असेल किंवा वाहिनी रुंदावत असेल, तर आतून आवरणयुक्त नळी बसवितात.

महारोहिणीच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकन अग्रणी मायकेल डीबेकी यांना २००५ च्या अखेरीस, ९७ व्या वर्षी, हीच फाटाफूट गाठती झाली. २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. वेळीच ओळख पटली, तर हा रोग अजिंक्य नाही.

तेव्हा अशी कळ आल्यास वायूचे दुखणे म्हणून रात्र काढू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, सीटी स्कॅनची सोय असलेले सुरतेचे रुग्णालय गाठावे आणि कळ पाठीत गेली होती काय, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या काय, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. बरे झाल्यावरही तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. भिंतीतले रक्त शोषले गेले, तरी भिंत फुगत नाही ना, हे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते.