गळका पाईप पाणी ओढूनही घेतो



ऊस विकास खात्याने पिण्याच्या पाण्यावर का लिहावे, असे आपणांस वाटेल. पण पाईपलाईन हा आपल्या रोजच्या माहितीतला विषय. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाईपचा जॉइंट सैल राहिला की तिथून पाणी गळत नाही, उलट मोटार हवा ओढते. गावच्या नळाच्या लाईनचेही तसेच. पुरवठा चालू असेतो फुटक्या जागेतून पाणी बाहेर येते. पुरवठा बंद होऊन लाईन रिकामी होऊ लागली, की आत ओढ निर्माण होते आणि भोवती साचलेले गटाराचे पाणी त्याच भोकातून आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळ आला की तेच पाणी आपल्या हंड्यात! नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते.

ही नुसती भीती नव्हे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. ही कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची. गरोदर बायांना ती फार घातक ठरते.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही गटागटांत फिरताना आम्हाला व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तुंबलेले पाणी, गटारातून नेलेले पाईप आणि जास्त पाणी मिळावे म्हणून खड्ड्यात उतरवलेले नळ दिसतात. हे सर्व रोगाचे दरवाजे आहेत.

टाकीत टीसीएल टाकली म्हणजे काम झाले असे नाही. पाटाचे पाणी पोचले की नाही हे आपण टेलला जाऊन पाहतो ना? तसेच क्लोरीनही शेवटच्या नळाला तपासावे. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे असे समजावे. टाकीजवळ पिवळे आणि टेलला पांढरेच राहिले, तर क्लोरीन वाटेतच संपतो आहे. मधल्या लाईनीत घाण शिरते का, ते शोधलेच पाहिजे. चाचणीचे पाणी मात्र पिऊ नये, ओतून द्यावे.

आपण एवढे करावे :

१) गळती दिसताच ग्रामपंचायतीला कळवावे.
२) खड्ड्यातला नळ जमिनीच्या वर घ्यावा. थेट मोटार लावू नये.
३) नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यास भरू नये. गढूळ वा वास येणारे पाणी तर मुळीच पिऊ नये.
४) टीसीएल कोरड्या जागी, सावलीत, तोंड बंद करून ठेवावी. उघडी राहिली की तिचा जोर जातो.
५) शंका असल्यास पाणी खळखळून उकळावे.

हंगामात आपल्या फडात येणारे तोडणी मजूर कोप्यांवर हेच पाणी पितात. त्यांच्या तळाची लाईनही तितक्याच काळजीने पाहावी. उसाच्या पाण्यासाठी आपण रात्र-रात्र जागतो. लेकरांच्या पाण्यासाठी महिन्यातून एकदा लाईनीच्या कडेने चालून यावे, एवढीच विनंती.