फरशीवरील अक्षरे : बेथ अल्फा आणि आसपासची सभास्थाने

प्राचीन धर्मजीवनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची भिस्त बव्हंशी ग्रंथांवर असते. परंतु ग्रंथांच्या प्रती शतकानुशतके नकलल्या जातात आणि नकलणाऱ्याचा काळ त्यांत नकळत उतरतो. रंगीत दगडी खड्यांची जडावाची फरशी, म्हणजेच मोझेइक, या बाबतीत निराळी आहे. ज्या पिढीने ती बसविली त्या पिढीचीच चित्रे आणि त्याच पिढीची अक्षरे तिच्यावर राहतात. इज्रेलच्या खोऱ्यातील बेथ अल्फा येथील यहुदी सभास्थानाची फरशी या दृष्टीने विशेष विचारार्ह होय.

इ. स. १९२८ च्या अखेरीस हेफ्झिबा या सामुदायिक शेतवस्तीतील लोक पाण्याचा पाट खणीत असता ही फरशी उजेडात आली. पुढील वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातर्फे एलियाझर सुकेनिक यांनी तेथे उत्खनन केले. फरशीच्या मध्यभागी तीन पट आहेत. दाराजवळच्या पटात अब्राहाम इसहाकाचा बळी देण्यास सिद्ध झाला आहे. मधल्या पटात बारा राशींचे चक्र असून त्याच्या केंद्रस्थानी चार घोड्यांच्या रथातील सूर्य आहे. जेरुसलेमच्या दिशेकडील पटात पवित्र ग्रंथांची पेटी आणि तिच्या दोहों बाजूंस सात शाखांचे दीपवृक्ष आहेत.

मूर्तीचा निषेध करणाऱ्या धर्माच्या प्रार्थनागृहात ग्रीकांचा सूर्यदेव कसा आला, हा येथील कूट प्रश्न. अर्विन गुडइनफ यांनी १९५३ ते १९६८ या काळात प्रसिद्ध केलेल्या तेरा खंडांच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, धर्मपंडितांच्या यहुदी धर्माहून वेगळा, गूढवादाकडे झुकलेला असा एक लोकधर्म या चित्रांतून प्रकट होतो. हे मत आकर्षक खरे. पण तिबिर्याजवळील हम्मथ येथील चौथ्या शतकातील फरशीने ते बरेच डळमळीत केले. मोशे दोथान यांनी १९६१ ते १९६३ मध्ये उत्खनन केलेल्या या सभास्थानातही सूर्य आणि राशिचक्र आहेत. तिबिर्या हे तर धर्मपंडितांचे प्रमुख पीठ. शिवाय तेथील ग्रीक लेखात सेव्हेरस नावाच्या दात्याचा उल्लेख कुलपतींच्या घराण्यात वाढलेला असा येतो. तेव्हा ही चित्रे समाजाच्या कडेला असलेल्या एखाद्या पंथाची होती, असे म्हणता येत नाही.

राशिचक्र म्हणजे धार्मिक पंचांग, असा दुसरा पक्ष आहे. हम्मथपुरता तो पटण्याजोगा आहे. बेथ अल्फा येथे मात्र चार कोपऱ्यांतील ऋतू आणि त्यांच्या लगतच्या राशी यांचा मेळ बसत नाही. पंचांग शिकविणे हाच हेतू असता, तर ही गफलत कोणाच्या तरी ध्यानात आल्यावाचून राहिली नसती. रूढीने आलेला एक आराखडा कारागिरांनी उचलला आणि गावाने तो निःशंकपणे स्वीकारला, हे अनुमान अधिक सरळ आहे.

भाषेचा पुरावा याहून बोलका आहे. बेथ अल्फा येथे फरशी बसविल्याचा काळ आणि देणगीतील गव्हाचा उल्लेख ॲरेमाइकमध्ये आहे; मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना या कारागिरांचे स्मरण ग्रीकमध्ये आहे; राशींची, महिन्यांची आणि बायबलातील व्यक्तींची नावे हिब्रूत आहेत. बापाचे नाव ग्रीक वळणाचे आणि मुलाचे सेमिटिक, हेही लक्षात घ्यावे. उत्तर कोकणातील शिलाहारांचे काही संस्कृत लेख शापवचनाशी येताच मराठीत उतरतात, त्याची येथे आठवण होते. प्रत्येक भाषेला तिचे काम नेमून दिलेले दिसते. दुर्दैवाने कालनिर्देशातील आकडा फुटला आहे. केवळ जस्टिन राजाचे नाव शिल्लक आहे. तो पहिला जस्टिन (५१८–५२७) असावा, असे सामान्यतः मानतात.

हम्मथच्या चक्रात कुंभ राशीचे ‘देली’ हे हिब्रू नाव आरशातल्याप्रमाणे उलटे लिहिले गेले आहे. कारागिराला ती लिपी वाचता येत नव्हती, हे उघड आहे. या शब्दाचा अर्थही पाहण्यासारखा आहे. ग्रीकांच्या मते ही रास म्हणजे पाणी ओतणारा पुरुष. हिब्रूत ती झाली बादली आणि संस्कृतात कुंभ. दोन्हीकडे माणूस गेला, भांडे राहिले. बेथ अल्फाच्या चित्रकाराने तर विहिरीतून बादलीने पाणी शेंदणारी व्यक्ती काढली आहे, म्हणजे चित्राने येथे हिब्रू शब्दाचा माग घेतला आहे. बेथ अल्फाच्या फरशीला कालदृष्ट्या जवळ असणाऱ्या वराहमिहिराने क्रिय, ताबुरि, जितुम अशी राशींची ग्रीकोद्भव नावेही नोंदविली आहेत. हिब्रू नावे मात्र भाषांतरित आहेत.

यरिहोजवळील नारान येथील फरशी १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, तोफगोळा पडल्याने उघडी झाली. तेथील माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती कोणी तरी पुढील काळात उखडून काढल्या आहेत. परंतु अक्षरे जशीच्या तशी ठेवली आहेत. सिंहांमधला दानीएल गेला, त्याचे नाव उरले. अक्षरांविषयी इतका आदर बाळगणारे हात परक्यांचे असतील, हे संभवत नाही. हा बदल त्याच समाजाच्या दृष्टीत झाला असला पाहिजे.

बेथ शआनच्या दक्षिणेस असलेल्या रेहोव येथे १९७४ साली सापडलेल्या फरशीवर तर निव्वळ मजकूरच आहे. सहाव्या-सातव्या शतकातील या एकोणतीस ओळींत सातव्या, म्हणजे शेतीच्या विश्रांतीच्या, वर्षी कोणत्या गावची कोणती फळे व भाज्या निषिद्ध आणि कशावर दशांश द्यावयाचा, याचे नियम आहेत. यांतील बराच भाग जेरुसलेमी तालमुदात आढळतो. पण त्या ग्रंथाची जी मुख्य पोथी लायडन येथे आहे ती १२८९ साली नकललेली आहे. म्हणजे फरशीवरचा पाठ पोथीहून सुमारे सहाशे वर्षांनी जुना ठरतो. त्याच तालमुदात बेथ शआनचे लोक ‘आयिन’चा उच्चार ‘आलेफ’सारखा करतात म्हणून त्यांना प्रार्थना चालविण्यास पुढे करू नये, असा निर्बंध सांगितला आहे. ज्यांच्या उच्चाराला ग्रंथ नावे ठेवतो, त्यांच्याच परिसराने त्या ग्रंथाचा हा जुना पाठ दगडात जपला आहे.