उदासीन कण-शलाका तापन

उदासीन कण-शलाका तापन : अणुकेंद्रीय संघटनासाठी लागणाऱ्या आयनद्रायूचे (विद्युत् भारित अणू व मुक्त इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणाचे) तापमान अतिवेगवान उदासीन अणूंची शलाका आत सोडून वाढविण्याची पद्धत. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनाच्या समस्थानिकांची (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांची) अणुकेंद्रे एकत्र येऊन हीलियमाचे अणुकेंद्र व न्यूट्रॉन निर्माण होतात आणि प्रत्येक विक्रियेत १.७६ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मुक्त होते. कोळशातील कार्बनाचा एक अणू जळताना केवळ सु. ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील ३,३०० मेगॅवॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रासारख्या केंद्रांना कोळसा अखंडपणे का पुरवावा लागतो आणि संघटनाचे आकर्षण एवढे का आहे, हे या तुलनेवरून लक्षात येते.

तथापि दोन्ही अणुकेंद्रे धन विद्युत् भारित असल्याने एकमेकांना दूर सारतात. त्यांना पुरेसे जवळ आणण्यासाठी सु. १५ कोटी अंश से., म्हणजे सूर्याच्या केंद्राच्या सु. दहापट तापमान लागते. टोकामाक या कंकणाकृती पात्रात आयनद्रायू चुंबकीय क्षेत्राने कोंडून त्यातून विद्युत् प्रवाह नेल्यास रोधामुळे तो तापतो. परंतु तापमान वाढते तसा रोध झपाट्याने घटतो. म्हणून काही कोटी अंशांपुढे बाहेरून ऊर्जा द्यावी लागते.

कार्यपद्धती : विद्युत् भारित कण बाहेरून सोडल्यास चुंबकीय क्षेत्र त्यांचा मार्ग वळविते, उदासीन कणास मात्र ते अडवीत नाही. यासाठी प्रथम उद्‌गमात आयन निर्माण करून उच्च विद्युत् दाबाने प्रवेगित करतात. नंतर ते वायूने भरलेल्या कोठीतून नेले असता त्यांतील बरेचसे विद्युत् भार गमावून उदासीन होतात. उरलेले आयन बाजूस वळवून थंड पत्र्यांवर शोषले जातात. उदासीन अणू आयनद्रायूत शिरताच टकरींमुळे पुन्हा आयनीभूत होतात, चुंबकीय क्षेत्रात अडकतात व आपली ऊर्जा इतर कणांना देत मंदावतात.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १९७८ मध्ये या पद्धतीने सु. ६ कोटी अंश तापमान गाठले गेले. इंग्लंडमधील कलम येथील जेट या यंत्रात १९९७ मध्ये १६ मेगॅवॉट संघटन शक्ती मिळाली, तिच्यासाठी सु. २४ मेगॅवॉट तापनशक्ती द्यावी लागली होती.

मोठ्या यंत्रात शलाका मध्यापर्यंत पोहोचण्यासाठी कणांची ऊर्जा बरीच अधिक हवी. सु. १ लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपुढे धन आयनांचे उदासिनीकरण फार कमी होते. ऋण आयनांतील जादा इलेक्ट्रॉन मात्र सहज सुटतो. म्हणून फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय यंत्रासाठी ऋण ड्यूटेरियम आयनांची योजना आहे. प्रत्येक तापन-शलाकेसाठी १० लक्ष व्होल्ट दाब व ४० अँपिअर प्रवाह, म्हणजे ४० मेगॅवॉट शक्ती लागेल. आयनद्रायूत तीपैकी १६.५ मेगॅवॉट पोहोचेल. ही घट कमी करणे हा या क्षेत्रातील प्रमुख प्रश्न आहे. अशा आयन-उद्‌गमाच्या चाचण्या इटलीतील पादुआ येथे २०१८ पासून होत आहेत.

भारतातील कार्य : मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांनी १९५५ च्या जिनीव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून वीस वर्षांत नियंत्रित संघटनाचा मार्ग सापडेल, असे भाकीत केले होते. ते त्या मुदतीत खरे ठरले नाही. प्रेधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबाद येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून १९८६ मध्ये गांधीनगरजवळ आयनद्रायू संशोधन संस्था उभी राहिली व १९८९ मध्ये तेथे ‘आदित्य’ टोकामाक कार्यान्वित झाला. ईटरमध्ये भारत २००५ मध्ये सहभागी झाला. त्याच्याकडे असलेल्या कामांत १ लक्ष व्होल्ट दाब व ६० अँपिअर प्रवाहाच्या ऋण हायड्रोजन आयनांवर चालणाऱ्या निदान-शलाकेचा समावेश आहे. ही शलाका तापनासाठी नाही. तिच्यामुळे उत्सर्जित होणाऱ्या प्रकाशावरून आयनद्रायूत साचणाऱ्या हीलियमाचे प्रमाण मोजावयाचे आहे. हीलियम साचल्यास इंधन विरळ होऊन विक्रिया मंदावते. म्हणून संघटन टिकवून धरण्यासाठी हे मोजमाप तापनाइतकेच आवश्यक आहे.