नो-हिटर आणि नाडकर्णींची 21 निर्धाव षटके

बेसबॉलमध्ये संपूर्ण सामन्यात पिचरने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. नॅशनल लीगमधला पहिला अधिकृत नो-हिटर 1876 मध्ये जॉर्ज ब्रॅडलीचा. सर्वाधिक सात नोलन रायनचे.

या पराक्रमाच्या सर्वांत जवळ जाणारी क्रिकेटमधली कामगिरी नाशिकच्या बापू नाडकर्णींची. पॉली उम्रीगरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी 1955 मध्ये कसोटी पदार्पण केले. 12 जानेवारी 1964 रोजी मद्रास कसोटीत इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन खेळत होते. नाडकर्णींची डावखुरी फिरकी एकाच टप्प्यावर पडत राहिली. पुढे येऊन फटका मारायला जागाच नव्हती. सलग 21 षटके निर्धाव गेली, 131 चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर पृथक्करण होते 32 षटके, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. बळीचा रकाना कोरा राहिला म्हणून या माऱ्याचे मोल कमी होत नाही.

त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद 52 आणि नाबाद 122 धावाही केल्या. 41 कसोटींत 88 बळी आणि प्रतिषटक अवघ्या 1.67 धावा, हा नाडकर्णींच्या कारकिर्दीचा हिशेब.