स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संकेतस्थळांची सुगम्यता

महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आदी संस्थांची संकेतस्थळे दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या मदतीशिवाय वापरता येणे, यास संकेतस्थळांची सुगम्यता म्हणतात. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी व तक्रार नोंदणी या सेवा ऑनलाइन झाल्याने सुगम्यतेचा प्रश्न थेट नागरिकांच्या हक्कांशी जोडला गेला आहे.

कायदेशीर तरतुदी

२०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या नियमावलीतील नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश दिले. ३० एप्रिल २०२५च्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला.

तांत्रिक निकष

भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ची आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमचे आंतरराष्ट्रीय निकष त्यांना आधारभूत आहेत. त्यांनुसार चित्रांना पर्यायी मजकूर आणि चित्रफितींना उपशीर्षके असावीत, सर्व क्रिया केवळ कळफलकाने करता याव्यात आणि सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेतील भेद किमान ४.५ : १ असावा.

मराठी मजकुरातील अडचणी

दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर स्क्रीन रीडर या आज्ञावलीद्वारे ऐकतात. सूचना किंवा ठराव कागदावरून स्कॅन करून केवळ चित्ररूपात ठेवल्यास या आज्ञावलीला त्यात वाचण्याजोगे काहीच सापडत नाही. युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकात मात्र तो रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या रूपात साठवलेला असल्याने निरर्थक ऐकू येतो. अर्जातील रकान्यांना नावे जोडलेली नसल्यास कोणत्या रकान्यात काय भरायचे हे कळत नाही. केवळ चित्रातील अक्षरे ओळखून टंकण्याची अट असल्यास अर्ज शेवटच्या टप्प्यावर अडतो. अशा वेळी खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती देण्यावाचून पर्याय उरत नाही.

उपाय

मूळ मजकूर युनिकोडमध्ये टंकून थेट पृष्ठावर देणे, चित्राबरोबर ध्वनिरूप पर्याय ठेवणे आणि दिव्यांग वापरकर्त्यांकडून संकेतस्थळाची चाचणी करून घेणे, हे यावरील प्रमुख उपाय होत. अक्षरे मोठी करण्याची कळ पानावर असली, तरी तेवढ्याने संकेतस्थळ सुगम्य ठरत नाही.